खर्ड्यावरील अभिप्राय

विद्यार्थ्याच्या लेखनावर शिक्षक जो अभिप्राय देतात, त्याचे फळ बव्हंशी तो देण्याच्या वेळेवर अवलंबून असते. गुण पडल्यावर परत आलेल्या वहीतील तांबड्या शाईच्या खुणा विद्यार्थी क्वचितच लक्षपूर्वक वाचतो. कारण त्यांचा उपयोग करण्याची संधीच त्याच्यापुढे उरलेली नसते. मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये आकारिक व संकलित मूल्यमापन यांत जो भेद केला, त्याचे मर्म हेच आहे. पहिले काम घडत असताना साह्य करते. दुसरे पूर्ण झालेल्या कामाचा निर्णय देते.

रूथ बटलर यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुलांना केवळ शेरे, काहींना केवळ गुण, तर काहींना दोन्ही देण्यात आले. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. शेऱ्यांबरोबर गुणही मिळालेल्यांना तो लाभ झाला नाही. यावरून खर्ड्यावर गुण न देणे श्रेयस्कर ठरते.

तथापि शेरा वेळेवर मिळाला म्हणजे तो उपयुक्त होतोच असे नाही. नॅन्सी सॉमर्स यांनी दोन अमेरिकन विद्यापीठांतील पस्तीस शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास करून १९८२ मध्ये त्यांतील विसंगती दाखविली. एकाच परिच्छेदात वाक्ये शुद्ध करण्याची सूचना असते आणि समासात तोच परिच्छेद विस्ताराने पुन्हा लिहिण्याची. जे वाक्य कदाचित गाळावे लागेल, त्याचे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात विद्यार्थ्याचे श्रम खर्ची पडतात. शिवाय ‘अधिक स्पष्ट करा’ यासारखे शेरे कोणत्याही निबंधावर लागू पडतात.

उदाहरणार्थ, दुष्काळावरील निबंधात ‘पाऊस न पडल्याने दुष्काळ पडतो’ एवढेच वाक्य आले, तर ‘विस्तार हवा’ या शेऱ्याने मार्ग सापडत नाही. ‘पाऊस पुरेसा झालेल्या वर्षीही काही गावांच्या विहिरी उन्हाळ्यात का आटतात?’ या प्रश्नाने मात्र विद्यार्थी विचारास प्रवृत्त होतो. आशय व मांडणी स्थिर झाल्यावर शुद्धलेखनाकडे वळणे इष्ट. त्याची उपेक्षा मात्र होऊ नये.

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक खर्डा सविस्तर तपासणे दुष्कर आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एका परिच्छेदावर दोनच नेमके प्रश्न लिहून पुनर्लेखनास अवधी देणे अशक्य नाही. पानभर तांबड्या खुणा पाहून ‘आपणास लिहिता येत नाही’ असा ग्रह विद्यार्थी करून घेतो, आणि तो पुढे सहसा सुटत नाही. खर्ड्यावर वेळीच विचारलेला प्रश्न, लेखन सुधारता येते, हा अनुभव त्याच्या पदरी घालतो.