वजन घटविण्याचे उपाय आणि त्यांची पारख

वजन घटविण्याचे उपाय आज मोबाईलच्या पडद्यावर शेकड्यांनी वाचावयास मिळतात. त्यांपैकी विश्वासास पात्र कोणते, हे ओळखावे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर लोणावळ्यास फार पूर्वीच मिळालेले आहे.

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी तेथे कैवल्यधाम ही संस्था स्थापिली व त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक काढले. योगक्रियांविषयी परंपरेने जे सांगितले जाई, ते त्यांनी झिडकारले नाही. पण केवळ ऐकून स्वीकारलेही नाही. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब त्यांनी यंत्राने मोजला. तो बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, म्हणूनच पाणी आत ओढले जाते, असे आढळून आले. प्रयोगाची रीत त्यांनी छापून प्रसिद्ध केली. शंका येईल त्याने पुन्हा मोजून पाहावे.

हीच कसोटी वजनाच्या उपायांस लावावी. ‘पाच दिवसांत पाच किलो घटवा’ हे आश्वासन घ्या. एक किलो चरबी घटण्यास सुमारे ७,७०० उष्मांक खर्ची पडावे लागतात. पाच किलोंस ३८,५००. दिवसाकाठी २,००० उष्मांक खर्च करणाऱ्या मनुष्याने अन्नाचा कणही न घेतला, तरी या कामी एकोणीस दिवस जातील. मग काटा खाली येतो तो कशाने? उपाशी शरीरातील साठविलेली शर्करा प्रथम खर्च होते व तिच्यासवे तिच्या सुमारे तिप्पट पाणी निघून जाते. आतडीही रिकामी होतात. गेले ते बहुतांशी पाणी होय, चरबी नव्हे. आहार पूर्ववत होताच ते परत येते.

दुसरा समज गुळाचा. गुळाने वजन वाढत नाही, या भरवशावर खंडाळ्याचा घाट चढून आलेला प्रवासी लोणावळ्याची गुळाची चिक्की निःशंकपणे खातो. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक असतात. गुळात त्याहून थोडेच कमी आणि शेंगदाण्यांत पाचशेहून अधिक. चिक्की अवश्य खावी, पण ती हिशेबात धरावी.

अशा समजुतींनी केवळ पैसाच जातो असे नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही मनुष्याने डॉक्टरांस न विचारता दीर्घ उपवास आरंभिला, तर रक्तातील साखर उतरून शुद्ध हरपण्याचा, प्रसंगी प्राणावर बेतण्याचाही संभव असतो.

म्हणून उपाय वाचताना चार प्रश्न विचारावे. वजनातील घट कोणी मोजली? किती माणसांची? वर्षानंतर ती टिकली काय? आणि सांगणारा त्याच उपायाची भुकटी वा औषध विकतो काय? आठवड्यास अर्धा ते एक किलो घट, ही सामान्यतः सुरक्षित मर्यादा मानली जाते. त्याहून मोठे आश्वासन देणाऱ्याकडे मोजमाप मागावे. ते न मिळाल्यास त्याचे म्हणणे जाहिरात समजून सोडून द्यावे.