रेघ आधी, अक्षर मागाहून

घरात लहान मूल असले की भिंती कोऱ्या राहत नाहीत. खडू, पेन्सिल, विटेचा तुकडा, जे हाती लागेल त्याने ते रेघा ओढते आणि आपण वडील माणसे "भिंत घाण केली" म्हणून रागे भरतो. हातास आपोआप वळण लागण्याचे जे वय, नेमक्या त्याच वयात आपण तो हात मागे ओढतो, ही गोष्ट आम्हांस फार दिवस खटकत आली आहे.

मुलाच्या रेघेस स्वतःचा असा एक क्रम आहे. दीड-दोन वर्षांचे मूल नुसता गिरगोटा करते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास रेघेची दोन टोके जुळून वर्तुळ होते. चौथ्यात फुली येते, पाचव्याच्या आगेमागे चौकोन व त्रिकोण येतात आणि शंकरपाळ्याची आकृती बहुधा सहा-सात वर्षांच्या आत साधत नाही. शाळेत पाऊल टाकणारे मूल असे चार-पाच वर्षांची कमाई बरोबर घेऊन येते. ती कमाई शाळेने मोजून घ्यावी की पाटीवरून पुसून टाकावी, हाच खरा प्रश्न होय.

हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात विशेष तीव्रतेने उभा राहतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेकडा सुमारे ६९ लोक आदिवासी आहेत. त्याच गणनेत येथील साक्षरता शेकडा सुमारे ६४, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी भरली. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातील मूल घरी भिली किंवा पावरी बोलते, नवापुराकडील मावची बोलते. आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे पुस्तकी मराठी येते. गुरुजींचे शब्द त्यास परके, म्हणून ते मुके बसते व मंद ठरते. परंतु रेघेस कोश लागत नाही. फळ्यावर डोंगर काढला की तो सर्वांस कळतो.

शिवाय या मुलाची दृष्टी काही कोरी नसते. काठीच्या होळीत नाचणाऱ्यांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी त्याने पाहिलेली असते. नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथाऱ्या, कापसाच्या सरळ सऱ्या, तापीची वळणे, सारंगखेड्याच्या यात्रेतील घोड्यांच्या मानेचा बाक, हे सारे त्याच्या ओळखीचे असते. बांबू म्हणजे उभी रेघ, सरी म्हणजे आडवी, सातपुड्याची धार म्हणजे तिरपी, नदी म्हणजे नागमोडी आणि भाकरी म्हणजे वर्तुळ. शिक्षकाने नमुने शोधण्यास दूर कशाला जावे?

आता कोणी म्हणेल, चित्रे काढीत बसल्यावर अक्षरे केव्हा येणार? आमचे उत्तर असे की, अक्षर ही तरी नेमून दिलेली रेघच आहे. ग, म, भ, न यांत उभी दांडी आहे. व, ब, क यांत दांडीस टेकलेला गोल आहे. ट, ठ, ढ यांत वाटोळी कमान आहे. ज्याच्या हातात दांडी, गोल व कमान आली, त्यास अर्धी मुळाक्षरे आलीच. स्वित्झर्लंडमधील पेस्टालोझीने दोनशे वर्षांपूर्वी हेच ओळखले होते आणि लिहिण्याच्या आधी रेखन ठेवले होते. आपल्याकडील धूळपाटीही काही वेगळे सांगत नव्हती.

तथापि पेस्टालोझीची रेघ फार शिस्तीची होती. पुढे १८९७ मध्ये व्हिएन्ना शहरी फ्रान्झ सिझेक याने मुलांचा वर्ग काढला व त्यांस आपल्या मनचे काढू दिले. आम्हांस वाटते, प्राथमिक शाळेस दोन्ही हवीत: रोज थोडा वेळ हातास वळण, आणि उरलेला वेळ मनास मोकळीक. प्रथम बोटांनी नव्हे, तर खांद्यापासून सारा हात फिरवून जमिनीवर वा फळ्यावर मोठ्या रेघा काढाव्या. मग पाटीवर, शेवटी कागदावर. पट्टी व रबर आरंभी दूरच ठेवावे. चित्र गिरवावयास देऊ नये. चिंचेची डहाळी हाती द्यावी, ती न्याहाळू द्यावी आणि मग काढू द्यावी.

आमच्या लहानपणी एका गुरुजींनी फळ्यावर आंबा काढला व सर्वांकडून तोच उतरवून घेतला. आम्ही त्यास देठाशी एक पान जोडले, तर पाटी पुसली गेली. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही "आम्हांस चित्र येत नाही" असे सांगत असू. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांची वेळ माध्यमिक शाळेत येते. पण "मला येत नाही" हा निकाल मुलाने त्याच्या कितीतरी आधी स्वतःच लावलेला असतो.

रेघेचे मोल किती असते, हे सातपुड्यापासून दूर, सह्याद्रीपलीकडच्या तलासरी भागातील एका वारली मुलाने दाखविले. आई गेल्यावर ते बोलेनासे झाले व धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागले, अशी त्याची हकीकत सांगतात. तेच पुढे जिव्या सोमा मशे या नावाने जगास ठाऊक झाले. २०११ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. प्रत्येक मूल मशे होणार नाही. परंतु शब्द सापडत नसता त्यांच्यासारखा धुळीचा आधार घेणारी मुले पुष्कळ असतात, आणि अक्राणीच्या शाळेत तर ती पहिल्याच बाकावर बसलेली असतील.

आपल्या घरांतही याचा आरंभ सहज करता येईल. आजीने सकाळी ठिपक्यांची रांगोळी घालताना चार ठिपके नातवासाठी सोडावे, आणि नातीइतकेच नातवासही बोलवावे. एखादी भिंत वा फळा मुलांच्या नावे करून द्यावा. मुलाने चित्र आणून दाखविले तर "हे काय काढलेस?" असे दटावून विचारू नये, "यातले मला सांग पाहू" असे म्हणावे. मग ते बोलू लागते. रेघेमागून शब्द येतो, शब्दामागून अक्षर येते. आणि ते अक्षर त्यास परके वाटत नाही.