संगणकाच्या पोटातला संगणक

आमच्या प्रयोगशाळेत एक वर्णपटमापी आहे. द्रावणातून प्रकाश पाठवायचा आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. वीस वर्षे ते हे काम चोख करत आले आहे. त्याच्या शेजारी त्याच्याच वयाचा एक संगणक होता. उपकरणाला आज्ञा देणारे सॉफ्टवेअर त्या संगणकावर, विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीत चालत असे. एका सोमवारी तो संगणक सुरूच झाला नाही.

उपकरण धडधाकट, पण त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नाही! सॉफ्टवेअरची मूळ सीडी कपाटात होती. ती नव्या संगणकावर घालून पाहिली, तर त्याने साफ नकार दिला. दोन विद्यार्थ्यांची मोजमापे अर्धवट पडलेली, आणि नव्या उपकरणाची किंमत लाखांच्या घरात. संगणकाचे सगळे बघणारे आमचे सहकारी वर्षभरापूर्वीच निवृत्त झाले होते. त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘अहो मॅडम, नव्या संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करा. आभासी यंत्र म्हणतात त्याला. जमेल तुम्हाला.’’

जमले, पण पहिल्या फटक्यात नाही. ते करताना जे कळले ते तुम्हाला सांगावेसे वाटते. कारण अशी कपाटे आणि अशा सीड्या तुमच्याही शाळेत असतील.

आभासी म्हणजे खोटे नव्हे

‘आभासी’ हा शब्द आपण प्रकाशाच्या धड्यात शिकवतो. सपाट आरशातली प्रतिमा आभासी असते, ती पडद्यावर धरता येत नाही. पण म्हणून ती निरुपयोगी असते का? आपण तिच्याकडे पाहूनच भांग पाडतो. डोळ्यापर्यंत येणारे किरण जणू आरशामागच्या वस्तूकडून आल्यासारखे येतात, आणि डोळ्याला तेवढे पुरते.

आभासी यंत्राचेही तसेच आहे. विंडोजसारख्या कार्यप्रणालीला संगणकाची पेटी काही दिसत नाही. ती फक्त प्रश्न विचारते आणि उत्तरे घेते. स्मृती किती आहे? डिस्कच्या अमुक कप्प्यात काय लिहिले आहे? कळफलकावरचे कोणते बटण दाबले गेले? ही उत्तरे खऱ्या पेटीकडून येतात की एखाद्या सॉफ्टवेअरकडून, याने तिला फरक पडत नाही; उत्तरे बरोबर हवीत, एवढेच. अशी बरोबर उत्तरे देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. ज्या खऱ्या संगणकावर ते चालते तो यजमान, आणि आत उभे राहते ते पाहुणे यंत्र.

एक इमारत, दोन शाळा

एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी शाळा भरते, हे आपण पाहतो. वर्ग तेच, बाके तीच. पण प्रत्येक शाळेची हजेरीपटाची कपाटे वेगळी, आणि एकीच्या कपाटाला दुसरीने हात लावायचा नाही. किल्ल्या एकाच माणसाकडे असतात.

हायपरव्हायजर म्हणजे हा किल्ल्या सांभाळणारा माणूस. तो संगणकाच्या स्मृतीचे कप्पे वाटून देतो आणि प्रोसेसरचा वेळ वाटून देतो. फरक इतकाच, की इथे पाळी सहा तासांची नसते. सेकंदाच्या लहानशा अंशात पाळी बदलते. त्यामुळे प्रत्येक पाहुण्याला वाटते की इमारत दिवसभर आपलीच आहे.

आता तुम्ही विचाराल, प्रत्येक गोष्ट या माणसाला विचारून करायची तर काम किती हळू होईल? बरोबर आहे. म्हणून प्रत्येक गोष्ट विचारायची नसते. बाई वर्गात फळ्यावर गणित सोडवताना कोणाची परवानगी घेत नाहीत. पण शाळेची घंटा द्यायची असेल, विजेचे मुख्य बटण बंद करायचे असेल, तर घ्यावी लागते. तसेच बेरीज, गुणाकार, तुलना अशा साध्या सूचना पाहुणे यंत्र थेट प्रोसेसरकडूनच करून घेते. साऱ्या संगणकावर परिणाम करणारी सूचना आली, की प्रोसेसर थांबतो आणि कारभार हायपरव्हायजरच्या हाती देतो. तो त्या पाहुण्यापुरतेच ते काम केल्यासारखे करतो आणि पुढे जाऊ देतो.

कल्पना जुनी, अडचण नवी

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक विज्ञान केंद्र होते. तिथे रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने सीपी-४० नावाची प्रणाली बनवली. १९६७ च्या जानेवारीत ती वापरात आली. एका मोठ्या संगणकावर एकाच वेळी १४ आभासी संगणक चालत. त्या काळी एक संगणक म्हणजे एक मोठी खोलीच. प्रत्येकाला स्वतंत्र संगणक देणे शक्य नव्हते, म्हणून हा मार्ग. १९७२ साली आयबीएमने अशीच प्रणाली व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांसाठी आणली.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या विषयाचे गणिती नियम मांडले. चांगल्या आभासी यंत्राच्या त्यांनी तीन कसोट्या सांगितल्या. एक, आत चालणारा कार्यक्रम खऱ्या यंत्रावर वागतो तसाच वागला पाहिजे. दोन, साधनांचा ताबा पूर्णपणे किल्लीवाल्याकडे राहिला पाहिजे. तीन, बहुतेक सूचना थेट प्रोसेसरनेच पार पाडल्या पाहिजेत.

आपल्या टेबलावरच्या संगणकांतले प्रोसेसर मात्र या कसोट्यांत नापास होत होते. का? त्यांच्यात काही सूचना अशा होत्या, की अधिकार नसताना दिल्या तर त्या अमलातही येत नसत आणि तक्रारही करत नसत. वर्गातून कोणी घंटेचा दोर ओढला, घंटा वाजली नाही, आणि किल्लीवाल्याला पत्ताही लागला नाही, असा प्रकार! ज्याला कळलेच नाही तो सांभाळणार काय? १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने यावर युक्ती काढली. अशा सूचना आधीच हेरून चालताचालता बदलून टाकायच्या. १९९९ साली त्यांचे सॉफ्टवेअर बाजारात आले. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. २००७ साली लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात केव्हीएम नावाने हायपरव्हायजर समाविष्ट झाला. व्हर्च्युअलबॉक्सही त्याच वर्षी आले. ते मोफत मिळते. मी तेच वापरले.

उभारणी करताना

पहिलीच पायरी मला अर्धा दिवस अडवून बसली. प्रोसेसरमधली ही सोय बऱ्याच संगणकांत मुळात बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होतानाच बायोसच्या यादीत जाऊन ती चालू करावी लागते.

मग स्मृती. यजमानाची ८ जीबी आहे म्हणून पाहुण्याला ८ जीबी देता येत नाही. यजमानालाही जगायचे असते! मी आधी ७ देऊन पाहिली, तर दोघेही गुदमरले. एक्सपीला १ जीबी पुरेशी होते.

मग डिस्क. पाहुण्याला जी डिस्क दिसते ती यजमानाच्या डिस्कवरची एक फाईल असते. ही फाईल पहिल्यापासून पूर्ण आकाराची ठेवता येते, किंवा गरजेप्रमाणे वाढणारी. वाढणारी ठेवली तर सुरुवातीला जागा वाचते. पण हिशोब करून पाहा. यजमानाकडे २५० जीबीची डिस्क, आणि आपण तीन पाहुण्यांना प्रत्येकी १०० जीबीचे वचन दिले. तिघांनीही वचन वसूल करायचे ठरवले तर? संस्थेत अनेक यंत्रे उभी करताना ही बेरीज आधी कागदावर करावी.

नंतर जाळ्याची जोडणी. तिचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिल्यात पाहुणा यजमानाच्या आडून बाहेर बोलतो. वर्गातल्या कोणी कार्यालयातला फोन वापरावा, तसे. बाहेरच्यांना तो थेट सापडत नाही. दुसऱ्यात पाहुण्याला स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो, आणि जाळ्यावरच्या इतर संगणकांना तो आपल्यासारखाच दिसतो. तिसरा म्हणजे इमारतीतला इंटरकॉम, फक्त यजमान आणि त्याचे पाहुणे. एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. म्हणून आमच्या पाहुण्याला मी यातले काहीच दिले नाही. त्याची जोडणी तोडूनच ठेवली. एक्सपीचा परवाना आमच्याकडे होता. तोही तपासून घ्यावा. यंत्र आभासी असले तरी परवाना खराच लागतो.

शेवटी उपकरण. जुन्या संगणकाला सिरियल पोर्ट होते, नव्याला नाही. यूएसबीवर बसणारी एक जोडणी आणली आणि सेटिंगमध्ये पाहुण्याला तीच ‘पहिले सिरियल पोर्ट’ म्हणून दाखवली. दिवा लागला, मोटर फिरली, आलेख उमटला! उपकरणाला जर जुन्या संगणकात बसणारे खास कार्ड लागत असते, तर मात्र ही युक्ती बहुधा चालली नसती.

चुकायची सोय

या पायऱ्या वाचायला सोप्या वाटतात. प्रत्यक्षात मी ते यंत्र कितीतरी वेळा बिघडवले. पण खऱ्या संगणकाला हात लावताना जी भीती वाटते ती इथे वाटली नाही. कारण आहे ‘स्नॅपशॉट’. पुढच्या पायरीआधी एक बटण दाबायचे, यंत्राची त्या क्षणाची स्थिती नोंदली जाते. चुकलो तर परत तिथेच.

हे कसे होते? नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर खुणा कराव्या, तसे. स्नॅपशॉट घेतला की डिस्कची मूळ फाईल गोठवली जाते आणि नवे लिखाण वेगळ्या फाईलमध्ये होते. खुणा आवडल्या नाहीत तर ट्रेसिंग पेपर फेकून द्यायचा. खालचा नकाशा जसाच्या तसा.

आणि इथेच मी फसले. रोज स्नॅपशॉट घेत होते, म्हणून निश्चिंत होते. चार महिन्यांनी यजमानाची डिस्कच बंद पडली. नकाशाच फाटला, मग ट्रेसिंग पेपरचे काय करता? आणि दोन्ही होते एकाच कपाटात! तीन आठवड्यांची मोजमापे गेली. त्यातली काही एका विद्यार्थिनीने सवयीने वहीत उतरवून ठेवली होती, तेवढीच वाचली. स्नॅपशॉट चुकीपासून वाचवतो, अपघातापासून नाही. अपघातासाठी संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या खोलीत लागते. आणि त्या प्रतीवरून यंत्र खरोखर सुरू होते का, हेही अधूनमधून करून पाहावे लागते.

दुसऱ्या वेळी उभारणी मी केली नाही. त्याच विद्यार्थिनीला करायला सांगितली. मी फक्त माझी टिपणवही तिच्यापुढे ठेवली. ती सात ठिकाणी अडली. त्या सातही ठिकाणी मला माहीत होते, पण वहीत नव्हते. आम्ही ते लिहून काढले. आमचे सहकारी निवृत्त झाले तेव्हा नेमके हेच राहून गेले होते.

तुमच्या शाळेत ८ जीबी स्मृतीचा एखादा संगणक असेल तर व्हर्च्युअलबॉक्स आणि लिनक्सची एखादी मोफत आवृत्ती घेऊन हे करून पाहा. आभासी यंत्र उभे राहिले की स्नॅपशॉट घ्या आणि मुलांना सांगा, ‘‘आता हे बिघडवून दाखवा.’’ त्या यंत्रात कोणाची कामाची फाईल नाही आणि यजमानाशी सामायिक केलेला फोल्डर नाही, एवढे आधी बघा. मुले एरवी ज्या बटणांना हात लावत नाहीत ती सगळी दाबतील. प्रत्येकाने काय केले आणि काय झाले ते वहीत लिहायला लावा. मग स्नॅपशॉटवर परत या, आणि वही दुसऱ्या गटाच्या हाती द्या. नुसते वाचून त्यांना तोच बिघाड पुन्हा घडवता येतो का, ते पाहा. जिथे येणार नाही, तिथे वहीत काय लिहायचे राहिले हे मुले स्वतःच शोधून काढतील.