विश्लेषण : छातीतली जळजळ म्हणजे ‘पित्त’ नव्हे! भातलावणीत ती का वाढते आणि आराम कशाने पडतो?

जुलैत भोर आणि वेल्ह्याच्या खाचरांत चिखलणी झाली की माणसे दिवसभर वाकलेली दिसतात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण बोलताना अजून वेल्हेच तोंडात येते.) याच दिवसांत औषधांच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ हे वाक्य जास्त ऐकू येते, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. आमची आजी लावणीला जाताना पदराला आल्याचा तुकडा बांधून न्यायची. मला स्वतःला हा त्रास सुरू झाला तो शेतात नव्हे, तर डिजिटल डेस्कच्या रात्रपाळीत. रात्री साडेबाराला जेवण आणि एकला झोप, असे वर्षभर चालल्यावर पहाटे घशाशी आंबट पाणी येऊन जाग येऊ लागली. आजीचा त्रास आणि माझा त्रास एकच आहे, हे कळायला बराच वेळ लागला.

‘पित्त’ म्हणायचे तरी कशाला?

मराठीत हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’, डोके दुखून उलटी झाली की ‘पित्त पडले’ आणि छातीत जळजळले की ‘पित्त झाले’. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पित्त हा यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो लहान आतड्यात उतरतो आणि स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. छातीत जळजळ होते ती बहुतेक वेळा जठरातल्या आम्लामुळे. अंगावरच्या गांधी हा अॅलर्जीसारखा वेगळाच प्रकार आहे, त्यावर आम्लाची गोळी घेऊन उपयोग नाही. आयुर्वेदातला ‘अम्लपित्त’ हा शब्द मात्र बराच नेमका आहे. माधवनिदानात त्यावर स्वतंत्र प्रकरण असून वर येणारे आणि खाली जाणारे असे त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. आजचे डॉक्टर ज्याला अॅसिड रिफ्लक्स म्हणतात, तो यातल्या वर येणाऱ्या प्रकाराच्या जवळ जातो.

मग बिघडते काय?

विहिरीवर मोटार असलेल्यांना फूट व्हॉल्व्ह माहीत असतो. पाइपच्या तळाशी बसवलेली ही झडप पाणी वर जाऊ देते, मागे येऊ देत नाही. झडपेत काडी अडकली की पाइप रिकामा होतो आणि मोटार नुसतीच गरगरते. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथेही अशीच एकेरी व्यवस्था आहे, फक्त दिशा उलटी. घास खाली जातो, आम्ल वर येत नाही.

आता उपमा इथेच सोडलेली बरी, कारण शरीरातली झडप लोखंडी नाही. ती स्नायूंची कडी आहे आणि श्वासपटलाचा स्नायू तिला बाहेरून आवळून धरतो. ढेकर देण्यासाठी ती अधूनमधून आपणहून सैल पडते. हे प्रत्येकाच्या बाबतीत घडते. पोट तडस लागेपर्यंत भरलेले असेल, तर ती जास्त वेळा सैल पडते आणि हवेबरोबर आम्लही वर येते. काही जणांत जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. मग बाहेरून मिळणारा आधारही जातो.

जठराला या आम्लाचा त्रास होत नाही, कारण त्याला आतून श्लेष्म्याचे जाड अस्तर असते. अन्ननलिकेला तसे नसते. जठरातला सामू दीड-दोनच्या आसपास, अन्ननलिकेतला सातच्या जवळ. पाचचाच फरक, म्हणून तो किरकोळ वाटतो. पण सामूची पट्टी दहाच्या पटीने चालते. म्हणजे आम्लता एक लाख पट. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ही पट्टी मी केवळ परीक्षेपुरती पाठ केली होती.

भातलावणीचा आणि याचा संबंध काय?

सकाळी लवकर कोरा चहा, मग भाकरी, कोरड्यास आणि ठेचा खाऊन लगेच खाचरात उतरायचे. कंबरेतून वाकले की पोटावर दाब येतो. भरलेल्या जठरातला माल वर ढकलला जातो आणि उभे असताना गुरुत्वाकर्षणाची जी मदत मिळते तीही कमी होते. हे तासन् तास चालते. दुपारची भाकरी बांधावर, ती खाऊन पुन्हा वाकायचे. आयुष्यभर असे काम करून पाठीला कायमचा बाक आलेल्या वृद्ध स्त्रियांत रिफ्लक्सचे प्रमाण जास्त असल्याचे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. तिथेही भाताचीच शेती, हे लक्षात घेण्यासारखे.

यात भर पडते मशेरीची. भाजलेली तंबाखू दाताला लावून बसण्याची सवय आपल्या गावांतल्या अनेक बायकांना आहे, आणि ती दात घासण्यातच जमा होत असल्याने डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारले की उत्तर ‘नाही’ येते. निकोटीन झडपेचा स्नायू सैल करते. त्याहून गंभीर बाब अशी की, भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा जो प्रकार जास्त आढळतो, त्याचा संबंध आम्लापेक्षा तंबाखूशी अधिक आहे. जळजळ थांबावी म्हणून ठेचा सोडणाऱ्यांनी आधी मशेरी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवसभराच्या कामानंतर अंग दुखते, म्हणून वेदनाशामक गोळी घेतली जाते. ती जठराच्या अस्तरावरच घाव घालते. पावसाळ्यात तापासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. अशी जळजळ ‘पित्ता’ची नसतेच. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास बसून राहावे.

खाचराबाहेरच्यांचीही सुटका नाही. शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कंपन्यांत पाळ्या करणारे भोरचे तरुण मध्यरात्री घरी येऊन जेवतात आणि झोपतात. तोरणा, राजगड उतरून पायथ्याला पिठले-भाकरी आणि कांदाभजी भरपेट खाऊन गाडीत पेंगणाऱ्या पुणेकरांची गोष्टही फार वेगळी नाही.

थंड दूध, सोडा, आले... यातले काय चालते?

थंड दुधाने बरे वाटते, हे खरे. दूध आम्ल थोडा वेळ सौम्य करते. पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला नवे आम्ल तयार करायला लावतात, म्हणून तासाभराने कार्यक्रम पहिल्यापासून. खायच्या सोड्याने आम्ल लगेच मारले जाते, मात्र त्यातून निघणारा वायू पोट फुगवतो, ढेकर येते आणि झडप पुन्हा उघडते. रक्तदाब असलेल्यांना सोड्यातले सोडियमही परवडणारे नाही. थोडे आले बहुतेकांना चालते, काहींना त्यानेच जळजळते. कोकम शीतल मानले जाते, पण ते मुळात आंबट आहे. ज्याला सोसते त्याने प्यावे.

तिखट, तेलकट, चहा, चॉकलेट, आंबट फळे अशी लांबलचक यादी सगळ्यांना सरसकट देण्याला फारसा आधार नाही. प्रत्येकाचे वैरी वेगळे. दोन आठवडे मोबाइलवर काय खाल्ले आणि कधी जळजळले एवढे टिपून ठेवले, तर स्वतःची यादी सापडते. माझ्या यादीत ठेचा नव्हता. रात्रीचा तिसरा चहा होता.

ज्या उपायांमागे अभ्यासाचा आधार आहे, ते कंटाळवाणे आहेत. जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचे अंतर. पोट सुटले असेल, तर वजन कमी करणे. डाव्या कुशीवर झोपणे, कारण जठराची ठेवण अशी आहे की त्या कुशीवर आम्लाचे तळे झडपेच्या खाली राहते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलणे. दोन उशा घेणे हा त्याला पर्याय नाही. त्याने मान वर जाते आणि पोट दुमडते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गोधड्यांची घडी कंबरेपासून डोक्यापर्यंत चढती लावावी.

गोळी रोज घेतली तर बिघडते का?

ओमेप्राझोल १९८०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि या आजाराचे चित्र बदलले. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही त्याचीच भावंडे. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर फेकणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधे बंद पाडतात. मात्र चालू असलेला पंपच त्यांना बंद पाडता येतो आणि पंप चालू होतात ते जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जळजळ सुरू झाल्यावर किंवा जेवणानंतर घेतली, तर पैसे बरेचसे वाया. त्याआधीचे लोकप्रिय औषध रॅनिटिडिन. त्यात कर्करोगकारक ठरू शकणारे एनडीएमए आढळल्याने अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावले आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले.

डॉक्टर साधारणपणे आठ आठवड्यांपर्यंत गोळी देऊन पाहतात. आपल्याकडे आठ आठवड्यांची आठ वर्षे होतात, कारण ती चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि थांबवली की त्रास परत येतो. या ‘परत येण्या’तच मेख आहे. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांवर एक प्रयोग झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कसलीही जळजळ नसलेल्या निम्म्या लोकांना आठ आठवडे अशी गोळी दिली, उरलेल्यांना नुसतीच बिनऔषधी. गोळी थांबवल्यावर औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास सुरू झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. पंप इतके दिवस दाबून ठेवले की ते सुटल्यावर जोरात चालतात, आणि माणसाला वाटते की आपला आजार बळावला. त्यामुळे जुनी गोळी एकदम तोडण्याऐवजी डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवणे सोपे जाते. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होण्याचा धोका असतो. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच बेताचे असते. अर्थात अन्ननलिकेला जखमा झालेल्या किंवा वेदनाशामके रोज घ्यावीच लागणाऱ्या रुग्णांना ती दीर्घकाळ लागू शकते. त्यांनी हा लेख वाचून गोळी बंद करू नये.

‘गॅस’ समजून हृदयविकार तर नाही ना?

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर दुखणे वरच्या पोटात, छातीच्या मधोमध जाणवते. मळमळते, ढेकर येतात आणि सोडा प्यायल्यावर थोडे बरेही वाटू शकते. सोड्याने बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. चढ चढताना किंवा पाटी उचलताना छाती भरून येणे आणि थांबल्यावर कमी होणे, दरदरून घाम, धाप, जबडा, पाठ किंवा हातात कळ जाणे, यातले काही असेल, तर आधी ईसीजी. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात लक्षणे याहून अस्पष्ट असतात, नुसता थकवा आणि पोटात अस्वस्थता एवढेच.

हिरडस मावळातल्या किंवा वेळवंड खोऱ्यातल्या गावातून भोर गाठायलाच पावसात बराच वेळ जातो, केळद-पासलीकडून वेल्हे तसेच. पुढे पुणे ५०-६० किलोमीटर. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात हातातला वेळ संपतो. १०८ ला फोन करावा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. ती येण्याची वाट पाहताना रुग्णाला चालवू नये आणि दुचाकीवर मधे बसवून आणू नये.

रात्री न थांबता, पण दिवस उजाडताच डॉक्टरांकडे जावे अशी दुसरीही लक्षणे आहेत. घास अडकणे, विशेषतः आधी भाकरी आणि मग भातही. कारण नसताना वजन उतरणे, रक्तक्षय. काळी, डांबरासारखी शौचास होत असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर तेही थेट रुग्णालयाचे काम. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी लागते.

आणि लावणीच्या दिवसांत? काम तर थांबवता येत नाही. पण क्रम बदलता येतो. खाल्ल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास रोपांच्या जुड्या वाहणे, बांध लिंपणे, पाणी वळवणे अशा उभ्याच्या कामांना द्यायचा आणि ओणवे होणे त्यानंतर. दुपारच्या दोन भाकऱ्या एका बैठकीत न संपवता एक दुपारी, एक चारच्या चहाऐवजी. कमरेला पदर घट्ट आवळून खोचलेला असतो, तो जरा सैल. आजी हे तिसरे नकळत करायची, पदर सैल केल्याशिवाय तिला बांधावर बसून खाताच येत नसे.