सोवळ्यातला स्पंज

आमच्या मागच्या पडवीत दोरीला चिमट्यांनी लावलेल्या लाल, पिवळ्या, निळ्या चकत्या बघून नवी आलेली बाई हमखास विचारते, "अगंबाई, पावडरचे पफ एवढे मोठे?" तिचं चुकत नाही. पफच आहेत ते, फक्त गालांसाठी नव्हेत, गाडीच्या बॉनेटसाठी. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून रत्नागिरीत गाड्यांच्या रबिंग-पॉलिशची शेड चालवतो. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की महामार्गाचा चिखल अंगावर घेऊन आलेल्या गाड्यांची रांग लागते, आणि दसऱ्याच्या आधीचे चार दिवस तर जेवायला फुरसत नसते. आमचं काम कसं होतं, असं कुणी विचारलं तर मी मशीन दाखवत नाही, ही दोरी दाखवते.

मैत्रिणींनो, मेकअपचा स्पंज आठवडाभर न धुता वापरला तर चेहऱ्याचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. गाडीचंही तेच. फरक एवढाच की चेहऱ्यावरचा पुरळ जातो, गाडीवरचा ओरखडा जात नाही. हा पॅड पॉलियुरेथेन फोमचा असतो. पॉलियुरेथेन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलं, आणि आज आपल्या गादीपासून सोफ्यापर्यंत तेच भरलेलं आहे. या फोमला एकमेकांना जोडलेली बारीक छिद्रं असतात, म्हणून तर तो मेण धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. पण हीच छिद्रं धूळही धरून ठेवतात. उरलेलं पॉलिश आत सुकून त्याचे खडे होतात. पॉलिशमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते, म्हणजे काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल मोजली जाणारी! ओली आणि मऊ असताना ती रंग चकचकीत करते. वाळून गोळा झाली की सॅंडपेपर.

आणि घासायचं कशावर? गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. सगळी चमक, उन्हापासूनचा सगळा बचाव त्या पापुद्र्यात. मागच्या वर्षी एक शिक्षिका त्यांची काळी गाडी घेऊन आल्या. गाडी स्वतःच्या पगारावर घेतलेली, हप्ते अजून साडेतीन वर्षं बाकी. कुठल्याशा वॉशिंग सेंटरवर हौसेनं वॅक्स करून घेतलं होतं. शेडमध्ये गाडी छान दिसत होती, उन्हात नेली आणि बॉनेटभर कोळ्याचं जाळं! गोल गोल, हात फिरला तसे ओरखडे. मळक्या पॅडची सही म्हणतो आम्ही त्याला. रबिंग करून आम्ही बरेचसे घालवले, पण घालवले म्हणजे काय, तर त्या पातळ थरातलेच काही मायक्रॉन आणखी खरवडून काढले. जे खोल होते ते तसेच ठेवले. बाई म्हणाल्या, "म्हणजे आता पुसलं जाणार नाही का हे?" नाही, असं सांगावं लागलं. तळहाताएवढ्या स्वस्त स्पंजानं केलेलं नुकसान ते.

सोवळं-ओवळं आमच्या घरातून केव्हाच हद्दपार झालंय, शेडमध्ये मात्र कडक आहे. रंगाचे पॅड पिवळे, आतल्या चामड्याच्या सीटचे निळे, टायरचे लाल. लाल पॅड कितीही स्वच्छ धुतला तरी रंगाला लागायचा नाही. एक तर टायरजवळ ब्रेकची धातूमिश्रित धूळ असते, आणि दुसरं म्हणजे टायर पॉलिशमधलं सिलिकॉन फोममधून पुरतं निघतच नाही. ते चुकून पुढच्या काचेवर गेलं की पहिल्या पावसात वायपर फिरला, की काचेवर धुरकट पट्टे. घाटात रात्री समोरून ट्रक येत असताना असे पट्टे काय करतील, ते सांगायला नको. पिवळ्यांतही पॉलिशचे वेगळे, मेणाचे वेगळे. कडेवर मार्करनं 'पॉ' आणि 'मे' लिहिलंय.

धुण्याचं म्हणाल तर पहिला नियम, सुकू द्यायचं नाही. गाडीचं काम झालं की पॅड बादलीत. पाणी बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढं कोमट, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. भांड्यांची वडी मात्र चालत नाही, तिच्यात घासण्यासाठी खनिजाची बारीक पूड असते, म्हणजे ज्याला पळवायचं त्यालाच घरात घेतल्यासारखं. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यायचं, मग दोन तळहातांमध्ये धरून दाबायचं, सोडायचं. पिळायचं नाही! धुणं पिळायची आपली सवय इतकी मुरलेली असते की हात आपोआप वळतात, आणि फोम आतून फाटतो. मेण चिवट असेल तर बोटांनी लिक्विड चोळून पुन्हा एकदा. मग साध्या पाण्यात दाबत राहायचं, फेस जाईपर्यंत आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत. पाणी नितळ दिसलं म्हणजे झालं असं नाही, बोटांना विचारायचं. शेवटी बादली अलगद तिरकी करून तळ बघायचा. जांभ्याची लाल रेघ दिसली तर पुन्हा सुरुवात. कपड्यांना सुवासासाठी घालतात ते कंडिशनर इथे वर्ज्य, त्याचा पातळ थर फोमवर राहतो आणि पुढच्या गाडीवर उतरतो. घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्येही आम्ही टाकत नाही.

खरी परीक्षा वाळवण्याची, तीही आमच्या कोकणात, आषाढ-श्रावणात. जिथे लोणच्याला डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं तिथे स्पंजाची काय कथा! टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला की निम्मं पाणी जातं, पुढचं काम पंख्याचं. उन्हात नाही, उन्हानं फोम पिवळा पडून कुसका होतो. गॅसजवळ तर नाहीच नाही. मशीनचे पॅड असतील तर चिकटपट्टीची बाजू वर, म्हणजे पाणी डिंकाच्या जोडात मुरत नाही. बाहेरून कोरडा वाटला तरी मधोमध दाबून गालाला लावून बघायचा. गार लागला तर आत ओल आहे. तसाच डब्यात गेला तर चार दिवसांत कुबट वास आणि काळे ठिपके. पूर्ण वाळला की झाकणाच्या डब्यात, प्रत्येक जातीचा डबा वेगळा, वर काही वजन न ठेवता. चेपलेला फोम सारखा दाब देत नाही.

आता थोडं कडू. या धंद्यात पॉलिश करणारा तो 'कारागीर' आणि पॅड धुणारी ती 'धुणंवाली', असं सर्रास मानतात. आमच्याकडेही सुरुवातीला कामाला आलेला एक मुलगा मशीन ठेवून पॅड थेट मदतनीस मावशींच्या पुढ्यात टाकायचा. धाकटी मला म्हणाली, "ताई, हा घरी ताटही असंच सरकवत असणार." आम्ही नियम केला, जो पॅड ज्याच्या हातात तो त्यानंच धुवायचा. मुलगा आठवडाभर फुरंगटला. पण धुताना त्याला स्वतःच कळायला लागलं, की आपण मेण गरजेच्या दुप्पट घेतो आणि एका कडेवरच जोर देतो, कारण पॅड तिथेच झिजला होता. मावशींचा पगार आम्ही त्याच महिन्यात वाढवला. आज त्या मेणाचा हात आम्हा दोघींपेक्षा सफाईनं मारतात, आणि त्यांचा पॅड दुसऱ्या कुणी वापरलेला त्यांना खपत नाही.

पॅड जमिनीवर पडला की त्याची रंगावरची नोकरी संपली. वाळूचा कण आत कुठे बसला कोण बघणार? जुन्या साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, तशी याचीही उतरंड आहे. रंगावरून दाराच्या आतल्या कडांना, तिथून लाल पॅडांच्या डब्यात, आणि कडा झडायला लागल्या की कचऱ्यात. फक्त सिरॅमिक कोटिंगला वापरलेला पॅड किंवा कापड यातून वगळायचं. ते कोटिंग आत काचेसारखं कडक होतं, कुठल्याच पाण्याला दाद देत नाही. त्याला त्याच दिवशी निरोप. मावशी तेही जपून ठेवायला बघतात, म्हणतात, नवं दिसतंय हो. मी हळूच कात्रीनं दोन तुकडे करून ठेवते.