मारिओची धाव

पडद्याच्या डाव्या कडेला टोपी घातलेला एक मिशाळ, ठेंगू मनुष्य उभा असतो. त्याचे तोंड उजवीकडे असते आणि मोकळी जागाही उजवीकडेच पसरलेली असते. कोठे जावयाचे हे खेळाडूस कोणी सांगत नाही. सांगण्याची गरजही पडत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ह्या खेळाचा आरंभ असा होतो. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी आपल्या फॅमिकॉम यंत्रासाठी तो विक्रीस आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली व कोजी कोन्दो यांनी संगीत दिले. पुढे त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या.

ह्या खेळाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची शिकविण्याची हातोटी. पहिल्याच टप्प्यात एक तपकिरी, कपाळाला आठ्या घातलेला प्राणी समोरून चालत येतो. खेळाडू नुसता उभा राहिला, तर त्याचा एक जीव जातो. परंतु खेळ नुकताच सुरू झालेला असल्यामुळे गमावलेले असे फारसे काही नसते. दुसऱ्या खेपेस तो उडी मारतो आणि शत्रू पायाखाली चिरडला जातो. थोडे पुढे गेल्यावर डोक्यावरच्या ठोकळ्यातून एक भूछत्र बाहेर पडते. ते घसरत जाऊन नळावर आपटते आणि मागे फिरून खेळाडूकडेच येते. शत्रूच्या रूपाशी त्याचे साम्य असल्याने नवखा खेळाडू भितो, पळू पाहतो. पण डोक्यावर विटा असल्याने त्याची उडी अपुरी पडते आणि भूछत्र त्याला लागतेच. तेव्हा तो मरत नाही, उलट मोठा होतो! काय टाळावे आणि काय घ्यावे, हे एकाही शब्दाविना त्याला समजते.

त्याच टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत. त्यांच्यामध्ये सपाट जमीन असल्याने उडी चुकली तरी काही बिघडत नाही. त्यापुढे तशीच दुसरी जोडी येते, मात्र तेथे मध्ये खोल खड्डा असतो. आधी निर्धास्तपणे सराव आणि मग परीक्षा, हा क्रम चांगल्या शिक्षकाला शोभण्यासारखा आहे.

उडीचीही गोष्ट अशीच. कळ जितका वेळ दाबून धरावी तितकी उडी उंच जाते, आणि हवेत असतानाही थोडीफार दिशा बदलता येते. धावता धावता थांबू म्हटले तर मारिओ किंचित घसरतो. त्यामुळे त्याच्या अंगाला वजन आहे असे वाटते आणि चूक झाली तर ती आपल्याच बोटांची, हे खेळाडू मनोमन मान्य करतो.

हे सारे केवळ ४० किलोबाइट जागेत बसविलेले आहे. आज साध्या छायाचित्रालाही याहून पुष्कळ अधिक जागा लागते. म्हणूनच आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच आहे. फक्त रंग निराळा. ही काटकसर कौतुकास्पद खरी, पण तिची किंमतही मोजावी लागते. एकूण ३२ टप्प्यांपैकी काही जवळजवळ जसेच्या तसे पुन्हा येतात. पाचव्या जगातील तिसरा टप्पा म्हणजे पहिल्या जगातील तिसराच, केवळ अधिक कठीण केलेला. सात किल्ले सर केले तरी प्रत्येक वेळी राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचे कळते.

याहून मोठा दोष चौथ्या जगातील शेवटच्या किल्ल्यात आहे. तेथे वाटा अनेक, पण खरी एकच. चुकीची वाट धरली की तोच भाग पुन्हा समोर येतो, आणि कोणती वाट बरोबर याची एकही खूण दिलेली नाही. वरती वेळेचे आकडे मात्र उतरतच असतात. जो खेळ आरंभी इतक्या न्यायाने वागला, त्याने येथे खेळाडूस अंधारात सोडावे हे खटकते. सातव्या आणि आठव्या जगांतही असेच भूलभुलय्ये आहेत. शिवाय पडदा कधीच मागे सरकत नाही. हातून सुटलेले नाणे सुटलेच. प्रगती जपून ठेवण्याची सोयही नाही. सर्व जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. विशिष्ट कळ दाबून त्याच जगापासून सुरुवात करण्याची युक्ती आहे, पण ती खेळात कोठेही सांगितलेली नाही.

दोघांनी खेळावयाचे झाल्यास दुसऱ्याला लुइजी हा मारिओचा भाऊ मिळतो. परंतु पहिल्याचा जीव जाईपर्यंत त्याने हात बांधून बसावयाचे. १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या स्वस्त यंत्रांवर हा खेळ महाराष्ट्रातील घरांतही पोहोचला. थोरला निष्णात असला, म्हणजे धाकट्याच्या वाट्याला पाहणेच अधिक येई. पुढील दोष कंपनीने एकेक करून दूर केले. १९८८ च्या तिसऱ्या भागात पडदा मागे फिरू लागला आणि १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये प्रगती जपून ठेवता येऊ लागली. मात्र मालिकेतील अशा धावत्या खेळात थोरल्याधाकट्यांनी एकाच वेळी बरोबरीने धावावे, ही सोय ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’ येईपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, झाली नाही.