सतारीची दांडी वाकते कशामुळे?

नागपूर : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, की प्रतापनगरात घरोघरी कूलर सुरू होतात. आधी कोरडी हवा, मग कूलरची ओल, पुढे पावसाळा. याचा फटका लाकडी वाद्यांनाही बसतो. लाकूड ओल शोषून फुगते, सुकले की आकसते.

इलेक्ट्रिक गिटारच्या मानेत सहसा पोलादी सळई असते. मान वाकली, तर सळई पिळून ती सरळ करता येते. पारंपरिक सतारीत ही सोय नाही. दांडी आतून पोकळ, वर तारांचा सततचा ताण. त्यामुळे सगळी मदार लाकडावर अन् कारागिराच्या हातावर.

मिरजेत शस्त्रांना धार लावणारी शिकलगार कुटुंबे १९व्या शतकात या कामात आली. तिथे दांडीला तूनचे मुरलेले लाकूड वापरतात. लाकूड ओले राहिले, तर दांडी वाकते आणि तारा पडद्यांवर खडखडतात. पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने सरकवता येतात. दांडीचे तसे नाही. मिरजेच्या सतारीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

सतार घेताना एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाका. घरी ती उन्हात किंवा कूलरसमोर ठेवू नका. वाकलेल्या दांडीसाठी शेवटी कारागीरच गाठावा लागतो.